फटाक्यांच्या दिवसांत कुत्र्याच्या बाबतीत या चुका टाळा

दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुपारी चारच्या सुमारास माझा फोन वाजू लागतो आणि प्रश्न एकच असतो : "ताई, आमचा कुत्रा फटाक्यांना फार घाबरतो, आज त्याला काय देऊ?" गेली बारा वर्षे मी नागपुरात, त्रिमूर्तीनगरातल्या माझ्या घरी इतरांची कुत्री सांभाळते आणि दिवाळीच्या आठवड्यात घरात एका वेळी चार-पाच पाहुणे असतात. त्या अनुभवावरून सांगते, की त्या दुपारी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नसते, कारण तयारीची खरी वेळ पोळ्याच्या आसपास होऊन गेलेली असते. पोळ्याची अमावास्या आणि लक्ष्मीपूजनाची अमावास्या यांत सहसा दोन महिन्यांचे अंतर असते, आणि भित्र्या कुत्र्याची आवाजाशी हळूहळू ओळख करून द्यायला किमान तेवढा वेळ हवा.

सर्वांत घातक चूक म्हणजे कुत्र्याला मुद्दाम आवाजात नेणे. "जाऊ द्या न त्याले बाहेर, दोन-चार बॉम्ब ऐकले का होते सवय," हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, की आता ते ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे टफी उभा राहतो. टफी हा अडीच वर्षांचा, लॅब्रेडॉरच्या वळणाचा कुत्रा होता. काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या संध्याकाळी त्याच्या तरुण मालकाने त्याला धीट करण्यासाठी कस्तुरचंद पार्कवर रावणदहन पाहायला नेले. पहिल्या मोठ्या आवाजासरशी टफी खाली बसला, मग त्याने मान मागे ओढली आणि सैल गळपट्टा कानांवरून निसटून मालकाच्या हातात राहिला. गर्दीत तो कोणत्या बाजूने गेला हेही कोणाला दिसले नाही.

तो मुलगा, त्याची आई, मी आणि आणखी दोघे असे आम्ही दोन रात्री सदर आणि सिव्हिल लाइन्सच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या पहाटे एका चहावाल्याने पुलाखालच्या पाइपाकडे बोट दाखवले. टफी आत होता, परंतु मालकाच्या हाकेला तो बाहेर येईना. त्याच्या तळव्यांची कातडी सोलली होती आणि दोन नखे मुळापासून तुटली होती. मी त्या मुलाला हाका मारणे थांबवायला लावले, पाइपाकडे पाठ करून जमिनीवर बसवले आणि त्याच्या मागे पोळीचे तुकडे टाकत राहिले. पाऊण तासाने टफी सरपटत आला आणि त्याने मुलाच्या पाठीला नाक लावले. त्यानंतर मात्र कुकरची शिट्टी, दार आपटणे, मोटारसायकलच्या सायलेन्सरचा फटका या प्रत्येक आवाजाला तो मोरीत जाऊन बसू लागला. ज्या भीतीचे कारण आधी फक्त फटाके होते ती घरभर पसरली आणि ती कमी करायला आम्हांला दीड वर्ष लागले.

भीती ही भावना आहे, तो हट्ट नव्हे, हे लक्षात घेतले पाहिजे. सुटकेची वाट नसताना मोठा आवाज पुन्हा पुन्हा कानी पडला, तर भित्रे कुत्रे त्याला सरावत नाही. उलट ते प्रत्येक वेळी अधिक लवकर आणि अधिक जोराने घाबरते. त्याचे कानही आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात. माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, तर कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्‌झपर्यंतचे. आपल्या नियमांनुसार फटाक्याचा आवाज फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंत चालतो. म्हणजे नियमात बसणारा सुतळी बॉम्बही कुत्र्याला हादरवायला पुरेसा आहे.

मग सवय लावायची कशी, असे विचारणाऱ्यांपैकी बरेच जण मोबाइलवर फटाक्यांचा व्हिडिओ लावून मोकळे होतात, आणि दुसरी मोठी चूक तिथे घडते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून धमाक्यातला खोल, छातीत जाणवणारा भाग जवळजवळ येतच नाही. मी मोठा स्पीकर वापरते आणि पहिल्या दिवशी आवाज इतका कमी ठेवते, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला तो कळूही नये. कुत्र्याने कान टवकारावेत पण खाणे थांबवू नये, एवढीच त्याची पातळी असावी. आवाज झाला, की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्यायचा. हा क्रम उलटू देऊ नये. आधी खाऊ दाखवला आणि मग धमाका ऐकवला, तर कुत्रे खाऊलाच घाबरू लागते, आणि अशी दोन कुत्री माझ्याकडे आलेली आहेत. एका वेळी चार-पाच मिनिटे पुरतात. तुकडा तोंडासमोर असूनही त्याने तो घेतला नाही, थंड हवेत धापा टाकल्या, सारखे ओठ चाटले, जांभया दिल्या किंवा एक पाय वर धरून थिजून उभे राहिले, तर आवाज जास्त झाला असे समजून दोन पायऱ्या मागे यावे. एका रविवारी सगळे उरकण्याची घाई करणाऱ्यांनी हे काम हाती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने नसलेली भीतीही निर्माण होते.

जवळ घेतल्याने, थोपटल्याने कुत्रे "लाडावते" आणि भीती वाढते, हा समज खोटा आहे. घाबरलेल्या मुलाला पोटाशी धरल्याने त्याची भीती वाढत नाही, तसेच हे आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, फटाका वाजल्यावर लगेच खाऊ देणाऱ्या किंवा खेळवणाऱ्या मालकांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी त्याचा उपयोग झाल्याचे सांगितले होते. मात्र कुत्रे स्वतःहून दिवाणाखाली गेले असेल, तर त्याला ओढून बाहेर काढून कुरवाळू नये. ती त्याने निवडलेली जागा आहे. तिथेच जुनी चादर आणि पाणी सरकवावे.

गोळ्यांविषयी मला कडक बोलावे लागते. ओळखीच्या कोणी सुचवलेली किंवा औषधाच्या दुकानातून मागून आणलेली झोपेची गोळी देऊन लोक निश्चिंत होतात. तीन वर्षांपूर्वी अशी गोळी दिलेली एक पॉमेरेनियन कुत्री माझ्याकडे आणली गेली. ती गादीवर निपचित पडली होती आणि घरची मंडळी "शांत झाली" म्हणून समाधानी होती. मी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा तिची बुबुळे पूर्ण विस्फारलेली होती आणि प्रत्येक धमाक्याला तिच्या कानामागची कातडी थरथरत होती. एसीप्रोमॅझीनसारखे गुंगी आणणारे औषध एकटेच दिले, तर शरीर सैल पडते परंतु भीती कमी होत नाही. कुत्र्याला फक्त पळता येत नाही. भीती कमी करणारी औषधे वेगळी आहेत आणि त्यांतले कोणते, किती द्यायचे हे पशुवैद्यानेच ठरवायचे असते. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरात पशुवैद्यापर्यंत पोहोचणे कठीण नाही. भेट दिवाळीच्या महिनाभर आधी घ्यावी, पहिली मात्रा एखाद्या साध्या दिवशी देऊन तिचा परिणाम पाहावा, आणि प्रत्यक्ष दिवशी औषध पहिला फटाका वाजण्यापूर्वी पोटात गेलेले असावे. माणसांची पातळ औषधे परस्पर मुळीच देऊ नयेत. त्यांतल्या काहींमध्ये साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे.

आयुष्यभर न घाबरलेले कुत्रे सात-आठ वर्षांचे झाल्यावर अचानक आवाजाला दचकू लागले, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. त्याचे सांधे आणि पाठ तपासून घ्यावी. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात, ज्या कुत्र्यांना अंगदुखी होती त्यांच्यात आवाजाची भीती इतरांपेक्षा उशिरा सुरू झाल्याचे दिसले. दचकताना आखडलेले अंग दुखते आणि ती वेदना आवाजाशी जोडली जाते, असे त्यामागचे अनुमान आहे.

कानात कापूस कोंबू नये. गच्चीवर किंवा फाटकाशी बांधून ठेवू नये. रागावू नये. फराळाचे ताट खाली ठेवू नये, कारण लाडवातले मनुके कुत्र्यांना विषारी ठरू शकतात.

माझी स्वतःची एक सवय सांगते. नागपुरात घरोघरी कूलर असतो आणि दिवाळीपर्यंत तो कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो. मी तो झाकत नाही. आतल्या खोलीच्या खिडक्या बंद करून, पडदे ओढून, पाण्याचा पंप न लावता नुसता पंखा चालू ठेवते. ती घरघर कुत्र्यांना उन्हाळाभर ऐकून ओळखीची झालेली असते आणि दूरचे फटाके तिच्यात बुडून जातात. दाराशीच फुटलेला बॉम्ब अर्थात ती झाकू शकत नाही. कूलर संध्याकाळीच एकदम सुरू करण्याऐवजी सकाळपासून चालवावा, नाहीतर ती घरघरही संकटाची खूण होऊन बसते.

या दिवसांत आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, तेव्हा फिरवणे चारपर्यंत संपवावे. गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घालावेत, साखळी दोन्हींना अडकवावी आणि गळपट्ट्याखाली दोनच बोटे जातील इतका तो घट्ट असावा. पट्ट्यावर स्वतःचा फोन नंबर लिहावा, आणि पाहुण्यांसाठी दार उघडताना कुत्रे आतल्या खोलीत बंद असावे. हरवलेल्या कुत्र्यांचे जे फोन मला येतात, त्यांतली निम्मी तरी अशा उघड्या दारातून गेलेली असतात.

पाडव्याच्या सकाळी कुत्रे थकलेले आणि हळवे असते, म्हणून त्या दिवशी त्याला आंघोळ घालू नये की नवे काही शिकवू नये. अंगणातले न फुटलेले फटाके आणि दारूची राख झाडून मगच त्याला बाहेर न्यावे. पट्ट्यावरचा नंबर आणि हार्नेस तुळशीची लग्ने आटोपेपर्यंत काढू नयेत, कारण आपल्या वस्त्यांमध्ये शिल्लक राहिलेल्या लडी तोवर वाजतच असतात.