दुकानाच्या यादीत शोधायला वेगळं सर्च इंजिन कशाला?

कृषी सेवा केंद्राच्या बियाणं-औषधांच्या यादीसाठी इलॅस्टिकसर्च (वेगळं चालवावं लागणारं सर्च इंजिन) म्हणजे रॅम खाणारा पाहुणा. त्यात यवतमाळकडे लाइट जाते-येते. काही हजार नोंदींना एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमधलाच एफटीएस५ हा मजकूर-शोध पुरतो.

१. एसक्यूलाइट ३.३४ किंवा पुढचं घ्या.
२. एफटीएस५ टेबल बनवताना टोकनायझर (शोधासाठी मजकुराचे तुकडे करणारा भाग) 'ट्रायग्रॅम' ठेवा, तो तीन-तीन अक्षरांचे तुकडे करतो. नेहमीचा 'युनिकोड६१' काना-मात्रेपाशी शब्द तोडतो, मराठीत घोळ होतो.
३. बोलीतल्या नावांचा एक जास्तीचा कॉलम ठेवा. गिऱ्हाईक 'पऱ्हाटी' म्हणते, पाकिटावर 'कापूस' असतं. हे जुळवणं कोणतंच इंजिन आपणहून करत नाही.
४. मूळ टेबलात बदल झाला की शोधाचं टेबलही बदलेल असे ट्रिगर (डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लावा.

'बोंड' टाकलं की 'बोंडअळी' येते. 'काप' टाकलं तर 'कापूस' आणि 'कापसाचे' दोन्ही येतात. विभक्तीची कटकट बरीचशी इथेच मिटते.

फक्त एक: तीनपेक्षा कमी अक्षरं टाकली तर मॅच (एफटीएस५ची शोधाची आज्ञा) काहीच देत नाही. काना-मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून 'तूर' चालते, 'ऊस' नाही. तेवढ्यापुरतं लाइक (डेटाबेसची साधी जुळवणीची आज्ञा) वापरा.