शून्यावरून हातचा: तिसरीच्या वर्गात ही वजाबाकी कशी शिकवावी

पाच-सहा मुलांच्या प्रत्येक गटाला खराट्याच्या काड्यांचे चार बोटे लांबीचे ३०४ तुकडे द्यावेत. आपल्या खान्देशात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, सहज मिळते, पण तिच्या काड्या जाड असल्यामुळे शंभरांची मोळी मुलांच्या हातात मावत नाही. दहा काड्यांचा गठ्ठा रबराने बांधावा आणि दहा गठ्ठ्यांची मोळी केळीच्या वाळलेल्या सोपटाने बांधावी. ही बांधणी मुलांनीच करावी.

साध्या वजाबाकीला आणि एकच दशक सुटा करण्याला दोन तासिका पुरतात.

खरी अडचण ३०४ वजा १६८ येथे येते. चारातून आठ जात नाहीत म्हणून मूल दशकाकडे वळते आणि तेथे शून्य पाहून थांबते. माझ्या वर्गातील एका मुलीने अहिराणीत सांगितले होते, ‘सर, तठे ते काहीच नही शे’, म्हणजे तेथे तर काहीच नाही. तिची भाषा सुधारण्यात वेळ घालवण्याऐवजी ‘मग आता काय उघडायचे?’ एवढेच विचारावे, कारण तिने अडचण अगदी अचूक सांगितलेली असते.

येथे ‘शेजाऱ्याकडून उसने घ्या’ ही गोष्ट कृपया सांगू नये. उसने घेतलेले परत करायचे असते, हे मुलांना घरीच ठाऊक असते. या वजाबाकीत मात्र कोणी कोणाला काही परत करत नाही, त्यामुळे मुलांचा गोंधळच वाढतो. ‘मधल्या शून्याचे नऊ करा’ हा नियम तर त्याहून घातक आहे. मी तो काही वर्षे शिकवला आणि मुलांनी ३४० वजा १६८ करताना एककाच्या शून्याचेही नऊ केले. चूक त्यांची नव्हती. कारण न सांगता नियम देणाऱ्या माझी होती.

एका मुलाने मोळीचे सोपट सोडावे. त्यातून दहा गठ्ठे निघतात, सुट्या काड्या नव्हे. या क्षणी सगळ्यांना थांबवून फळ्यावर शतकाच्या घरात २ आणि दशकाच्या घरात १० लिहून घ्यावे. त्यानंतरच दुसऱ्या मुलाने त्या दहांपैकी एका गठ्ठ्याचे रबर काढावे; दशकाच्या घरातील १० खोडून ९ लिहावे आणि एककाच्या घरात १४. नऊ येतात ते येथून, आणि हे मुलांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. जोवर हाताने गाठ सुटत नाही, तोवर खडू चालता कामा नये. सुरुवातीच्या काळात वेळ वाचवण्यासाठी मी मोळी थेट शंभर सुट्या काड्यांत मोडत असे; मग उरलेली तासिका जमिनीवरच्या काड्या मोजण्यात जाई आणि दशकाचे घर कोणाच्याच लक्षात राहत नसे.

वजा करण्याआधी आणखी एक काम करावे, आणि ते कधीही गाळू नये. दोन मोळ्या, नऊ गठ्ठे आणि चौदा सुट्या काड्या मुलांकडून मोजून घ्याव्यात: २००, ९० आणि १४, म्हणजे पुन्हा ३०४. एकही काडी वाढली नाही, एकही कमी झाली नाही, हे पटल्यावर १६८ काड्या बाजूला काढल्या की १३६ उरतात.

तीन दिवस काड्या, मग वहीत मोळीसाठी चौकोन, गठ्ठ्यासाठी रेघ आणि सुट्या काडीसाठी टिंब, मग नुसते अंक. शाब्दिक उदाहरणे गावातली घ्यावीत. रावेर-यावलकडच्या मुलांना ३०४ केळीच्या कंदांपैकी १६८ लावले, उरले किती, हे समजावून सांगावे लागत नाही.

वह्या तपासताना नुसती फुली मारू नये, उत्तर वाचावे. २६४ आले असेल तर मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत आहे. त्याला एका दशकाच्या सुट्या करण्यापासून पुन्हा सुरुवात करून द्यावी. १४६ आले असेल तर त्याने मोळी उघडली, एककात दहा मिळवले, पण दशकाचे १० तसेच ठेवले. अशा मुलाच्या हातात दुसऱ्या दिवशी फक्त एक मोळी द्यावी आणि गठ्ठ्याचे रबर त्यालाच काढू द्यावे.