नवा ब्लूटूथ हेडफोन पहिल्या आठवड्यातच कसा पारखून घ्यावा

नवा हेडफोन आला की आपण तो कानाला लावतो, आवडतं गाणं सुरू करतो, दोन मिनिटं ऐकतो आणि 'मस्त आहे' म्हणत खोकं माळ्यावर टाकतो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते: कामाच्या कॉलवर, वाऱ्यात चालताना, चष्मा लावून सलग तिसऱ्या तासाला. तोवर परत करायची मुदत संपून गेलेली असते.

माझं असंच झालं होतं. तीन आठवडे मी एका नव्या हेडफोनवर खूश होते, गाणी फार सुरेख वाजत होती. मग एका संध्याकाळी ताई म्हणाली, "काय गं, विहिरीतून बोलतेयस का? अर्धे शब्द कळतच नाहीत." त्या तीन आठवड्यांत मी कितीतरी लोकांशी बोलले होते आणि कुणीही मला हे सांगितलं नव्हतं. माणसं भिडेखातर बोलत नाहीत, नुसतं 'हं हं' करत राहतात. तेव्हापासून मी हेडफोन पारखताना कॉल आधी तपासते, गाणी नंतर. गाणं कसं वाजतंय हे आपल्या कानांना कळतं. आपला आवाज पलीकडे कसा जातोय, हे मात्र मुद्दाम विचारल्याशिवाय कधीच कळत नाही.

पहिला दिवस: घाई नको

खोकं, आतली वेष्टनं, पावती सगळं जपून ठेवा. हेडफोन पूर्ण चार्ज करा. कंपनीचं अ‍ॅप असेल तर ते फोनवर घ्या आणि अपडेट आलेलं असेल तर आधी ते करून टाका. कॉलमधला आवाज, जोडणी तुटणं असे काही दोष अपडेटने सुधारतात, त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरवर परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

आवाज न लावता तासभर घालून बसा

हे विचित्र वाटेल, पण करा. गाणं सुरू असलं की कानावरचा दाब लक्षात येत नाही. शांततेत तो लगेच जाणवतो. डोक्याच्या मधोमध टोचतंय का, कानाची पाळी आत दुमडली जातेय का, कान घामेजतात का, हे बघा. चष्मा वापरत असाल तर चष्म्यासकटच घाला. कुशन चष्म्याच्या काडीवर दाबतं आणि कानामागे दुखायला लागतं, ते दहा मिनिटांत कळत नाही, चाळीस मिनिटांनी कळतं.

चष्म्याची दुसरी अडचण आवाजाची आहे. काडीमुळे कुशन आणि गालफड यांच्यात बारीक फट राहते आणि त्या फटीतून खर्जाचे स्वर निसटून जातात. ओळखायची युक्ती सोपी आहे. खर्ज भरपूर असलेलं काहीतरी लावा आणि दोन्ही तळहातांनी हेडफोन कानांवर अलगद दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम भरून आला तर फट आहे. फारसा फरक पडला नाही तर बसवण बरोबर आहे.

इअरबड असतील तर सोबत आलेले सगळ्या मापांचे रबरी टिप लावून बघा. खोक्यातून जे लावलेले येतात तेच आपल्या मापाचे असतील असं नाही. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं माप लागणंही अगदी साधी गोष्ट आहे. नीट बसल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला पाहिजे. मग तोंड मोठं उघडा, जांभई द्या, मान हलवा. बड सैल झाला तर माप बदला. 'हेडफोनला बेसच नाही' असं वाटतं तेव्हा दोष पुष्कळदा या टिपचाच असतो, हेडफोनचा नसतो.

आता कॉल, आणि इथे वेळ द्या

आधी थोडं आतलं समजून घेऊ, म्हणजे काय ऐकायचं ते कळेल. गाणी ऐकताना ब्लूटूथवरून आवाज एकाच दिशेने येतो, फोनकडून हेडफोनकडे. कॉल सुरू झाला की आवाज दोन्हीकडून जायला लागतो आणि हेडफोन वेगळ्या पद्धतीवर जातो. त्या पद्धतीत आवाजाचे नमुने बहुतेक वेळा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वेळा घेतले जातात. ८,००० असेल तर त्याच्या निम्म्या, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४,००० कंपनांच्या) वरचं काहीच पोचू शकत नाही. 'स', 'श', 'फ' यांची धार बरीचशी त्या वरच्या पट्टीत असते. म्हणून जुन्या पद्धतीच्या कॉलवर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. नव्या ब्लूटूथमधली एलई ऑडिओ ही पद्धत इथे बरीच सुधारणा करते, पण ती फोन आणि हेडफोन दोघांनाही यावी लागते.

आता प्रत्यक्ष चाचणी. जवळच्या, स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विश्वासात घ्या. त्यांना फोन लावा आणि सांगा की मी दोनदा तेच बोलणार आहे, एकदा हेडफोनवरून, एकदा थेट फोनवरून. कोणतं कुठलं ते सांगणार नाही, कोणतं जास्त कळलं एवढंच सांगा. हे न सांगता करणं महत्त्वाचं आहे. 'नवा हेडफोन घेतलाय, कसा येतोय आवाज?' असं विचारलंत तर समोरचा 'छान येतोय' म्हणणारच.

बोलायचं काय? मराठी आकडे यासाठी फार कामाचे आहेत. एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, सात, साठ, आठ असे दहाबारा आकडे उलटसुलट क्रमाने सांगा आणि समोरच्याला लिहून घ्यायला सांगा. साधं वाक्य कानावर अर्धवट पडलं तरी मन ते संदर्भाने पूर्ण करतं. आकड्यांना संदर्भ नसतो, त्यामुळे न ऐकू आलेलं लगेच उघडं पडतं. एकोणसाठचं एकोणसत्तर झालं तर हिशेबाच्या कॉलवर काय होईल याची कल्पना येते.

हीच चाचणी तीन ठिकाणी करा: शांत खोलीत, जोरात पंखा चालू असलेल्या खोलीत आणि बाहेर वाऱ्यात चालताना. गोंगाट गाळणारे मायक्रोफोन पंख्याची सलग घरघर बऱ्यापैकी काढून टाकतात. वाऱ्यापुढे मात्र बरेच हेडफोन हरतात, कारण वारा थेट मायक्रोफोनच्या छिद्रावर आदळतो. समोरच्याला तीन गोष्टी विचारा. वाक्याची पहिली अक्षरं गळतात का? मी थांबले की मागचा आवाज एकदम बंद होऊन पुन्हा उसळतो का? तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला माझ्याकडून परत ऐकू येतो का?

आणि स्वतःकडेही लक्ष द्या. कान पूर्ण झाकलेले असले की आपल्याला आपलाच आवाज नीट ऐकू येत नाही आणि नकळत आपण ओरडून बोलायला लागतो. कॉलवर स्वतःचा आवाज थोडा ऐकवण्याची सोय काही हेडफोनच्या अ‍ॅपमध्ये असते. असेल तर चालू करून बघा. रोज दोनतीन तास बोलणाऱ्यांचा घसा त्याने वाचतो.

लॅपटॉपवर वेगळा सापळा आहे. गाणं छान चालू असतं, मीटिंग सुरू होते आणि सगळाच आवाज एकदम चपटा होतो. हेडफोन बिघडलेला नसतो. त्याचा मायक्रोफोन वापरात आल्यामुळे तो वर सांगितलेल्या कॉलच्या पद्धतीवर गेलेला असतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकण्यासाठी हेडफोन आणि बोलण्यासाठी लॅपटॉपचाच मायक्रोफोन निवडा. ऐकू येणारा आवाज पुन्हा भरीव होतो. मी घरून काम करताना नेहमी असंच ठेवते.

गाणी ऐकताना

वर्षानुवर्षं ऐकलेली तीनचार गाणी निवडा. नवीन गाणं नको, कारण त्यात काय आहे हेच तुम्हाला माहीत नसतं. एकात नुसता आवाज आणि तंबोरा असावा, एकात तबला, एकात खूप वाद्यांची गर्दी. तबल्यात डग्ग्याचा घुमारा आणि चाटीवरची टकटक वेगवेगळी ऐकू यायला हवी. घुमाऱ्यात सगळंच बुडालं तर खर्ज नको तेवढा फुगवलेला आहे. तंबोऱ्याच्या तारेची जवारी हवेत विरत जाते, ती शेवटपर्यंत ऐकू येते का बघा. गर्दीच्या गाण्यात मागचं एखादं वाद्य निवडा आणि पूर्ण गाणंभर त्याचाच पाठलाग करा. पाठलाग करता आला तर हेडफोन चांगला आहे.

जुन्या हेडफोनशी तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्या कानांना चांगला वाटतो, कितीही जाणता ऐकणारा असला तरी.

कोडेक या शब्दाने घाबरू नका. आवाज दाबून पाठवायची ती रीत आहे. गाण्यांसाठी एसबीसी नेहमीच्या सगळ्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये असतो; आयफोन त्याखेरीज एएसी वापरतो; काही अँड्रॉइड फोन आणि हेडफोनमध्ये एपीटीएक्स किंवा एलडीएसी मिळतो. एलडीएसी सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकतो, पण गर्दीच्या जागी त्या वेगावर आवाज तुटायला लागतो. अ‍ॅपमधली गाण्यांची गुणवत्ताच खालच्या पायरीवर ठेवलेली असेल तर कोणताही कोडेक उपयोगाचा नाही, तेव्हा आधी ती वाढवा.

नॉइज कॅन्सलेशन असेल तर ते चालू आणि बंद, दोन्हीत ऐका. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडायची, असं ते काम करतं. इंजिनाची, पंख्याची सलग घरघर त्याने छान कमी होते. माणसांचं बोलणं, अचानक वाजलेला हॉर्न तितका कमी होत नाही आणि त्यात हेडफोनचा दोष नाही. काहींना चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं. अर्ध्या तासानंतरही तसंच वाटत राहिलं तर ती सोय तुमच्यासाठी नाही.

जोडणी तुटते का

फोन ज्या खिशात नेहमी ठेवता त्याच खिशात ठेवून दहा मिनिटं चाला. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपल्या शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. त्यामुळे पँटच्या मागच्या खिशातला फोन आणि विरुद्ध बाजूच्या कानातला बड यांच्यामध्ये आपलं अख्खं अंग आडवं येतं. मग चालू मायक्रोवेव्हजवळ आणि वायफायच्या राउटरजवळ उभे राहा, तेही याच पट्ट्यात असतात. गर्दी टाळण्यासाठी ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळांपर्यंत वाहिनी बदलतं, म्हणून क्षणभराची खरखर माफ करा. दर दोन मिनिटांनी तुटत असेल तर नाही.

एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप जोडायची सोय असेल तर दोन्ही जोडून अर्धा दिवस काम करा. लॅपटॉपवर नुसती सूचना वाजली आणि फोनवरचं गाणं बंद पडलं, असं वारंवार होतं का ते बघा.

व्हिडिओत ओठ आणि शब्द जुळतात का हेही पाहून घ्या. बहुतेक व्हिडिओ अ‍ॅप हा उशीर भरून काढतात. गेम खेळताना किंवा फोनवर वाद्य वाजवताना तो जाणवतोच.

बॅटरी आणि कान

एकदा पूर्ण चार्ज करून तुमच्या रोजच्या आवाजावर, रोजच्या कॉलसकट संपेपर्यंत वापरा आणि तास मोजा. खोक्यावरचा आकडा बहुधा मध्यम आवाजावरचा असतो. कॉलचे तास गाण्यांच्या तासांपेक्षा कमी भरतात.

आवाजाची मर्यादाही याच आठवड्यात ठरवून टाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, तर ९० डेसिबल फक्त ४ तास. फोनच्या सेटिंगमध्ये हेडफोनचा आवाज मर्यादित ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. मुलांसाठी हेडफोन असेल तर हे सगळ्यात आधी करा. कानात शिट्टीसारखा आवाज राहत असेल तर तो हेडफोन त्या आवाजावर पुन्हा लावू नका.

ठरवताना

सहाव्या दिवशी मी कागदावर तीनच प्रश्न लिहिते. माणसांना माझं बोलणं कळलं का? तिसऱ्या तासाला तो काढून ठेवावासा वाटला का? जोडणीसाठी रोज खटपट करावी लागली का? गाण्याचा पोत थोडा डावा असेल तर इक्वलायझरने, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर कमीजास्त करायच्या सोयीने, जमवून घेता येतो. या तिन्हींतल्या एकाचंही उत्तर मनासारखं नसेल तर इक्वलायझर काही करू शकत नाही, मी तो परत करते.

परत पाठवण्याआधी अ‍ॅपमधून तो मूळ स्थितीत आणा, फोन आणि लॅपटॉपच्या ब्लूटूथ यादीतून काढा आणि कोरड्या मऊ कापडाने पुसा. इअरबड असतील तर न वापरलेल्या मापांचे टिप मोजून खोक्यात ठेवा. ते इतके लहान असतात की हटकून तेच मागे राहतात.