ग्रुप पॉलिसी आणि रजिस्ट्री: या चुका टाळा

विंडोज अपडेटमध्ये 'काही सेटिंग्ज तुमची संस्था मॅनेज करते' असा मेसेज आला की लोक गोंधळतात, अहो लॅपटॉप घरचा आहे, संस्था कुठून आली? बहुतेक वेळा कुठल्यातरी ट्वीक करणाऱ्या सॉफ्टवेअरने किंवा आपणच कधीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती जागा) पॉलिसीच्या, म्हणजे ॲडमिनने लावायच्या बंधनांच्या जागी व्हॅल्यू टाकलेली असते. रजेडिट (रजिस्ट्री उघडायचं टूल) उघडा, एचकेएलएम म्हणजे एचकी लोकल मशीन मधे सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट, एयू असं आत जा, तिथे नोऑटोअपडेटसमोर 1 (म्हणजे आपोआप अपडेट बंद) असेल तर दुखणं तेच.

आता सगळ्यात मोठी चूक. ती व्हॅल्यू डिलीट केली की काम झालं असं समजू नका. सेटिंग जीपीएडिटमधून (ग्रुप पॉलिसी बदलायचं टूल) लावलेली असेल तर तिचं मूळ सिस्टम३२ मधल्या ग्रुपपॉलिसी फोल्डरात, रजिस्ट्री डॉट पोल फाईलमधे असतं, रजिस्ट्रीत फक्त त्याची नक्कल उतरते, त्यामुळे कुणी जीपीअपडेट स्लॅश फोर्स (पॉलिसी पुन्हा लागू करायची कमांड) मारलं की व्हॅल्यू परत हजर. डोमेनवर (ऑफिसातले कॉम्प्युटर एका सर्व्हरवरून मॅनेज होतात तिथे) तर जास्तच फसायला होतं, कारण तिथे दर 90 मिनिटांनी (वर 0 ते 30 मिनिटं रँडम) रिफ्रेश होतो पण पॉलिसी बदललेली नसेल तर रजिस्ट्रीचा भाग सहसा पुन्हा लिहिलाच जात नाही, म्हणजे आठवडाभर सगळं छान आणि मग ॲडमिनने त्याच पॉलिसीत दुसरंच काही बदललं की आपलं जुनं बंधन परत! माझे एका ऑफिसात यातच तीन दिवस गेलेत, म्हणून कळकळीने सांगतोय, जिथून लावलंय तिथूनच काढा.

उलटी चूकपण होते. रजेडिटमधून व्हॅल्यू टाकायची आणि जीपीएडिटमधे शोधायची. तिथे 'नॉट कॉन्फिगर्ड'च दिसणार, कारण ते पोल फाईल वाचतं, रजिस्ट्री नाही. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून जीपीरिझल्ट स्लॅश एच आणि पुढे फाईलचं नाव द्या, रिपोर्टमधे कुठली पॉलिसी लागू झाली ते येतं, त्यात नाही पण रजिस्ट्रीत आहे म्हणजे ती व्हॅल्यू हाताने किंवा स्क्रिप्टने आलीय.

आणि 'डिसेबल्ड' म्हणजे 'नॉट कॉन्फिगर्ड' नव्हे हो. 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' डिसेबल केलं की तोच 1 लिहिला जातो, नॉट कॉन्फिगर्ड केलं तर व्हॅल्यूच निघून जाते.

होम एडिशनमधे जीपीएडिट येत नाही, तिथे रजिस्ट्रीतूनच काढावं लागतं, पण आधी त्या कीवर (रजिस्ट्रीतल्या फोल्डरवर) राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवा, मग व्हॅल्यू काढा आणि रीस्टार्ट करा.