मोवर खडखडतोय? अख्खा स्पिंडल घेऊ नका

नागपुरात पावसाळाभर ओलं गवत मोवरच्या डेकखाली, म्हणजे पात्यावरच्या पत्र्याच्या झाकणाखाली, चिकटून राहतं. पत्रा गंजतो, बेअरिंग खडखडतात, आणि दुकानदार थेट पूर्ण स्पिंडलचा, म्हणजे पातं फिरवणाऱ्या बेअरिंगसकट दांड्याचा, भाव सांगतो.

१. स्पार्क प्लगची वायर काढा. हे आधी.
२. जुनं बेअरिंग काढून, पुसून सीलवरचा नंबर वाचा, उदा. ६२०३-२आरएस. त्याच नंबरचं, दोन्हीकडून रबर सील असलेलं, बेअरिंगच्या साध्या दुकानातून आणा.
३. नवं बेअरिंग फ्रीझरमध्ये गार करा. हाउसिंगमध्ये (बेअरिंग बसतं त्या खोबणीत) बसवताना बाहेरच्या रिंगवरच ठोका, त्याच मापाचा सॉकेट ठेवून. आतल्या रिंगवर ठोकलं तर नवंही गेलंच समजा. मधला स्पेसर, म्हणजे दोन बेअरिंगमधली नळी, बसवायला विसरू नका.

डेकला तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, मग रंग. भोक असेल तर एम-सील नको, पत्रा वेल्ड करून घ्या. निखळलेला तुकडा पात्यात सापडला तर गोळीसारखा उडतो.