घोड्याचं पाणी: गोव्याच्या हवेत या चुका टाळा

संध्याकाळी टाकी भरलेली दिसली की मोतद्दार निश्चिंत होतो. वास्तविक तेव्हाच शंका यायला हवी, घोडा प्यायलाच नसेल तर? मोठा घोडा दिवसाला साधारण २५ ते ५० लिटर पाणी पितो, एप्रिल-मेच्या उकाड्यात काम असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून निदान उन्हाळ्यात तरी मापाच्या बादलीने पाणी द्या, म्हणजे किती प्यायला ते कळतं. घोडेमोडणीचा, म्हणजे आपल्या लोकनृत्यातला घोडा लाकडी असतो, त्याचं भागतं. आपल्या घोड्याचं भागत नाही.

तो पीत नसेल तर आधी पाणी तपासा. काळी प्लास्टिकची टाकी उन्हात असेल तर दुपारी पाणी कोमट होतं. कडेला शेवाळ आणि आत डासांच्या अळ्या असतील तर टाकी रिकामी करून ब्रशने घासा. वरून नवं पाणी ओतून भागत नाही. खाडीकाठच्या, खाजनाजवळच्या (बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीजवळच्या) विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. जिभेवर थेंब ठेवून बघा, आणि शंका आली तर पाणी तपासून घ्या. टँकरचं पाणी सुरू केलं की चव बदलल्याने काही घोडे तोंड लावत नाहीत; जुनं-नवं मिसळून हळूहळू बदल करा.

दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता ओघळतो, आणि त्याबरोबर मीठही जातं. मीठ कमी झालं की तहानही नीट लागत नाही. म्हणून घाम गाळणाऱ्या घोड्याच्या चंदीत (दाण्यात) रोज दोन चमचे साधं मीठ घाला, मात्र शेजारी गोडं पाणी भरपूर हवं. इतक्या उकाड्यात घोड्याला घामच येईनासा झाला, अंग कोरडं आणि श्वास जोरात, तर हा गंभीर इशारा समजा: सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, डॉक्टरांना बोलवा.

‘तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये’ हे अजूनही ऐकू येतं. चुकीचं आहे. पिऊ द्या. थांबवायची ती चंदी, श्वास खाली येईपर्यंत.

पावसात वेगळी कटकट. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो, तेव्हा टाकी उंचावर ठेवा, डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका आणि चंदी झाकून ठेवा. खरारा झाला की रोज खूर साफ करा. तळाला काळं, घाण वासाचं काही दिसलं तर पागा कोरडी नाही, हे उघड आहे. तिथे औषधाआधी जमीन सुधारा.

रोजची तपासणी मिनिटाची आहे. हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परत यावा, आणि हिरडी ओली, गुळगुळीत लागावी. लीद बारीक, कडक गोळ्यांची झाली तर पाणी कमी पडतंय. चारा सोडून तो पाय आपटू लागला, कुशीकडे वळून बघू लागला, लोळू लागला तर पोटशूळ समजा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. नळीने तेल पाजायचा घरगुती उपाय अजिबात नको; तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसं जातात.