मानेतून चढणारी डोकेदुखी: हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम
ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत मोबाइलमध्ये मान घातली, की कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू आखडतात. मानेच्या वरच्या भागातून निघणारी ही कळ बहुधा एकाच बाजूने कपाळापर्यंत चढते.

भिंतीला पाठ टेकून बसा, नजर समोर. हनुवटी सरळ मागे सरकवा, ड्रॉवर बंद करतो तशी. ५ सेकंद धरा, सोडा; असं १० वेळा, दिवसातून तीनदा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: हनुवटी छातीकडे झुकते, नाहीतर दात आवळले जातात. मानेच्या मागे हलका ताण जाणवावा, दुखू नये. चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या तर लगेच थांबा.

मायग्रेनची गोळी याच्या भरवशावर बंद करू नका. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणं, तापासोबत ताठलेली मान: अशा वेळी व्यायाम नको, थेट रुग्णालय गाठा.